परदेशात जन्मलेल्या बाळाचा पहिला प्रवास: आधी परतीचं बघा

बाळाचं उष्टावण भारतात करायचं ठरतं, विमानांचे दर बघून होतात आणि मग कुणीतरी विचारतं, “अरे, पण त्याचा व्हिसा?” ह्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण ह्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बाळ कुठल्या देशाचं नागरिक आहे? जिथे जायचं तिथे शिरायला त्याला काय लागेल? आणि तुम्ही नोकरीसाठी जिथे राहता, तिथे ते परत कसं येणार? पहिल्या दोन प्रश्नांची चौकशी बहुतेक आईबाप करतात. घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी. म्हणून तिकिटाला हात लावण्याआधी परतीचं उत्तर शोधावं आणि तिथून उलट मागे येत कागद जमवावेत.

जन्म तिथे झाला म्हणून नागरिकत्व मिळतंच असं नाही

अमेरिका, कॅनडा आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत त्या भूमीवर जन्मलेलं बाळ त्या देशाचं नागरिक होतं. आईवडील कामाच्या व्हिसावर असले तरी. अमेरिकेत २० जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या बाळांना ह्यातून वगळायचा प्रयत्न झाला, त्याला न्यायालयांत आव्हान मिळालं आणि अंमलबजावणी रोखली गेली. प्रसूतीची तारीख जवळ असेल तर ह्या बाबतीत व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नये. तिथल्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचनाच वाचावी.

बाकी जगात चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३पासून जन्मलेलं बाळ ब्रिटिश ठरायला आईबापांपैकी एक जण ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६पासून आणि न्यूझीलंडमध्ये १ जानेवारी २००६पासून साधारण तसाच नियम आहे. आयर्लंडमध्ये २००५पासून पालकाने आधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य केलेलं असावं लागतं आणि विद्यार्थी म्हणून काढलेला काळ त्यात मोजत नाहीत. जर्मनीत पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क, दोन्ही लागतं. जून २०२४च्या आधी ही पाच वर्षं आठ होती. आखाती देशांत तर परकीय आईवडिलांच्या बाळाला जन्माने नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नच नाही.

मग ते बाळ भारतीय. पण तेही आपोआप नाही, आणि ही गोष्ट ऐकून बरेच जण चकित होतात. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेलं बाळ वंशाने भारतीय ठरतं ते त्याच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत झाल्यावर. मुदत जन्मापासून एक वर्षाची. ती उलटली तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण दिल्लीला जातं. नोंदणीच्या वेळी आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. म्हणून “अमेरिकन पासपोर्ट काढू आणि भारतीय पण राहू दे” हा बेत इथेच संपतो.

अमेरिकन पासपोर्टचं बाळ

हे प्रकरण त्यातल्या त्यात सरळ. परतीचा प्रश्न नाही, कारण बाळ स्वतःच्या देशात परत येतंय. आईवडिलांच्या व्हिसाचा शिक्का संपलाय की काय, ही चिंता वेगळी.

अमेरिकन पासपोर्टसाठी डीएस-११ हा अर्ज लागतो आणि १६ वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालकांनी बाळाला घेऊन समक्ष जायचं असतं. एक जण येऊ शकत नसेल तर त्याची डीएस-३०५३ नमुन्यातली नोटरी केलेली संमती लागते. सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नसेल तर त्या रकान्यात शून्यं भरतात. त्याची वाट बघत महिना घालवायची गरज नाही. हा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. हातात आल्यावर सहीच्या जागी पालकाने बाळाचं नाव छापील अक्षरांत लिहायचं, स्वतःची सही करायची आणि कंसात आपलं नातं लिहायचं. बाळाच्या नावाने आपणच सही ठोकून मोकळं व्हायचं नाही.

भारतात शिरायला दोन वाटा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो; प्रवासाच्या किमान चार दिवस आधी अर्ज हवा, ३० दिवसांच्या प्रकाराचा अर्ज मात्र फक्त आधीच्या ३० दिवसांतच करता येतो. एक आणि पाच वर्षांचेही पर्याय आहेत. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करावा. शोध घेतल्यावर वर दिसणारी, तिरंगा लावलेली कित्येक संकेतस्थळं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात.

दुसरी वाट ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्डाची. आईवडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी अल्पवयीन मूल त्याला पात्र ठरतं, आणि कार्ड म्हणजे आयुष्यभराचा, हव्या तितक्या वेळा येण्याचा व्हिसा. आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबांपैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिक असेल तर मात्र ते मिळत नाही. ओसीआय हातात पडायला आठवडे जातात आणि परत आलेल्या अर्जांत फोटो आणि अंगठ्याच्या ठशाची प्रकरणं पुष्कळ असतात. फोटो चौरस हवा. तान्ह्या बाळाच्या सहीऐवजी अंगठ्याचा ठसा लागतो. शाई कमी लावायची. बाळ झोपलेलं असताना, मूठ सैल असताना ठसा घ्यायचा आणि चौकटीच्या रेघांना लागू द्यायचा नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या फेरीला ई-व्हिसा काढावा आणि ओसीआय पुढे सवडीने करावं. दोन महिन्यांवर आलेल्या लग्नासाठी ओसीआयच्या रांगेत उभं राहणं म्हणजे स्वतःच्या झोपेशी वैर.

ब्रिटन: न दिसणारा सापळा

आता ज्या बाळाला राहत्या देशाचं नागरिकत्व मिळालेलं नाही त्याचं बघू. ह्यात ब्रिटनचं उदाहरण तपशिलाने घेऊ, कारण तिथला सापळा सहज दिसत नाही.

आईवडील स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर आहेत. बाळ तिथे जन्मलं. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अशा बाळाला तिथे राहण्यासाठी लगेच व्हिसा काढायची सक्ती नाही. डॉक्टर बघतात, लसी मिळतात, कुणी काही विचारत नाही. त्यामुळे आईबापांचा समज होतो की सगळं ठीक आहे. पण बाळ एकदा देशाबाहेर गेलं की परत आत यायला त्याला परवानगी लागते आणि ती त्याच्याकडे कधी नव्हतीच. भारतातून निघताना चेक-इनच्या खिडकीवर हे उघड होतं: आईवडिलांचे व्हिसा संगणकावर दिसतात, बाळाचा दिसत नाही.

म्हणून क्रम असा लागतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत. दाखला घेताना पूर्ण दाखला मागायचा. छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात आणि पुढे तो कुठेच चालत नाही. मग भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी आणि भारतीय पासपोर्ट. पासपोर्ट आला की दोन रस्ते फुटतात.

एक, ब्रिटनमध्ये असतानाच बाळासाठी अवलंबित (डिपेंडंट) म्हणून व्हिसाचा अर्ज करणं. निर्णयाला साधारण आठ आठवडे धरतात. फी वेगळी आणि आरोग्य अधिभार वेगळा: मुलासाठी वर्षाला ७७६ पौंड, पूर्ण मुदतीचा एकरकमी. तुमच्या व्हिसाची दोन वर्षं चार महिने उरले असतील तर दोन वर्षांचे आणि वरच्या चार महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाचे, मिळून १,९४० पौंड. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना हा अधिभार माफ आहे. अर्ज चालू असताना बाळाला देशाबाहेर नेलं तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. मधेच चार दिवस पॅरिसला जाऊन येऊ, हे जमत नाही.

दोन, भारतीय पासपोर्टवर बाळाला भारतात न्यायचं आणि तिथून अवलंबित व्हिसाचा अर्ज करायचा. इथे निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. रजा सहा आठवड्यांची असेल तर हे बसतं. दोन आठवड्यांची असेल तर एक पालक भारतात अडकून राहतो. काही जण घाईत बाळाचा पर्यटक व्हिसा काढून आणतात. हा शहाणपणा महागात पडतो, कारण पर्यटक म्हणून आत आलेल्याला ब्रिटनमध्ये राहून अवलंबित व्हिसावर बदलता येत नाही. पुन्हा बाहेर जाणं आलंच.

व्हिसा आता कार्डावर नसतो, पासपोर्ट क्रमांकाला जोडलेला डिजिटल असतो. बाळाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांत बदलतो. नवा आला की व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात क्रमांक बदलून घ्यावा, नाहीतर विमान कंपनीला व्हिसा सापडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दहा वर्षांनी आठवते. ब्रिटनमध्ये जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच वाढलेल्या मुलाला नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळतो, पण त्यातल्या कुठल्याही एका वर्षात ९० दिवसांहून जास्त काळ बाहेर काढलेला नसावा. बाळाला सहा महिने आजीकडे ठेवण्याआधी हा हिशेब करावा. अधिकाऱ्यांना सूट देता येते, पण तीवर बेत आखू नये. प्रवासाच्या तारखा एका वहीत लिहून ठेवल्या तर पुढे खूप त्रास वाचतो.

जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमिरात

जर्मनीत जन्मलेल्या बाळासाठी वास्तव्य परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. अडचण परदेशी नागरिक कार्यालयाच्या अपॉइंटमेंटची असते. अर्ज केल्यावर हाती पडणारं तात्पुरतं प्रमाणपत्र दरवेळी परतीचा प्रवेश देत नाही. त्यावर वेगवेगळ्या कलमांच्या चौकटी छापलेल्या असतात आणि कुठल्या चौकटीवर खूण आहे त्यावर सगळं ठरतं. नवजात बाळाच्या पहिल्याच अर्जाला सहसा परतीचा हक्क न देणारी खूण मिळते. कार्यालयात असतानाच विचारून घ्यावं.

ऑस्ट्रेलियाने हे सोपं ठेवलंय: तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या बाळाला जन्मतःच त्यांचा व्हिसा लागू होतो. पण हे सरकारी संगणकाला माहीत नसतं. १०२२ क्रमांकाचा अर्ज, जन्मदाखला आणि बाळाचा पासपोर्ट पाठवून नोंद करून घ्यावी लागते. तोवर व्हिसा कायद्यात आहे, पडद्यावर नाही.

संयुक्त अरब अमिरातीत बाळाची रेसिडेन्सी १२० दिवसांत काढायची, त्यानंतर दंड. ह्या १२० दिवसांत भारतीय जन्मनोंदणी, पासपोर्ट आणि व्हिसा हे सगळं बसवायचं असल्याने पहिला महिना वाया घालवू नये. रेसिडेन्सी व्हायच्या आधी बाळ भारतात गेलं तर परत येताना नवा प्रवेश परवाना काढावा लागतो.

माहेरचं बाळंतपण

उलटाही प्रसंग असतो: सातव्या महिन्यात ती माहेरी येते, बाळ भारतात जन्मतं आणि त्याला घेऊन परत जायचं असतं. इथे नागरिकत्वाचा गुंता नाही, दोघं भारतीय तर बाळही भारतीय. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी आणि दाखल्यावर बाळाचं नाव असलेलं बरं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या संमतीचं परिशिष्ट ‘डी’ जोडतात; एकाची सही मिळतच नसेल तर परिशिष्ट ‘सी’. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच काढून न्यायचा असतो.

पुढचा टप्पा देशागणिक बदलतो. अमेरिकेत एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कुटुंबातल्या बाळाला अवलंबितांचा एच-४ व्हिसा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्यांनाही मुलाखतीतून सरसकट मिळणारी सूट राहिलेली नाही. त्यामुळे मुलाखतीच्या तारखेचा अंदाज घेऊन मगच परतीची तिकिटं काढावीत. अमिरातीसाठी भारतीय जन्मदाखल्यावर साक्षांकनांची साखळी लागते: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय.

ग्रीनकार्डधारक आईसाठी मात्र एक सोय आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नसते. आई तात्पुरती परदेशात आलेली असताना बाळ झालं, तर ते दोन वर्षांचं होण्याआधी स्थलांतरित व्हिसाशिवायही अमेरिकेत जाऊ शकतं. अट अशी की ज्या पालकाबरोबर ते जाणार, त्याचा बाळाच्या जन्मानंतरचा तो अमेरिकेत परतण्याचा पहिलाच प्रवास असावा. आई नोकरीसाठी एकटी जाऊन आली आणि मग बाळाला नेऊ म्हणाली, तर तिच्या बाजूची ही संधी गेली. बाळाचा पासपोर्ट आणि दोन्ही पालकांची नावं असलेला इंग्रजी जन्मदाखला जवळ हवा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडावं. चेक-इनच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत नसण्याची शक्यता बरीच असते, म्हणून नियमाची छापील प्रत घेऊन एक तास लवकर पोचावं.

विमान कंपनी इतकी काटेकोर का

कागद नसलेला प्रवासी उतरवला तर बऱ्याच देशांत दंड विमान कंपनीला होतो आणि परत नेण्याचा खर्चही तिच्याच माथी येतो. म्हणून खिडकीवर प्रत्येक प्रवाशाचे कागद टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्याशी पडताळतात. बाळ मांडीवर बसणार असलं तरी पडताळणीत ते स्वतंत्र माणूस आहे.

एकाच कुटुंबात दोन पासपोर्ट असले की वाटेतला थांबाही तपासावा लागतो. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टच्या आईवडिलांना ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, आणि वैध अमेरिकन व्हिसा असेल तर सूटही मिळू शकते. अमेरिकन पासपोर्टच्या बाळाला व्हिसा नको, पण विमानतळाच्या बाहेर पडणार असाल तर ईटीए ही ऑनलाइन परवानगी हवी, वय काहीही असो. युरोपात दोन दिवस थांबायचा बेत असेल तर भारतीय पासपोर्टच्या बाळाचा स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. सहा वर्षांखाली फी नाही, १२ वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. पण अर्ज, दोन्ही पालकांच्या सह्या आणि किमान ३०,००० युरोंचा विमा चुकत नाही.

एकच पालक बाळाला घेऊन निघणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवावं: बाळाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, कुणाबरोबर, कुठे राहणार आणि संमती देणाऱ्याचा संपर्क. ब्राझीलसारख्या देशात आपल्या अल्पवयीन नागरिकाला दुसऱ्या पालकाच्या परवानगीशिवाय बाहेर सोडतच नाहीत. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे भारतात नेलेलं मूल परत आणवणं परदेशी न्यायालयांना अवघड जातं, आणि भारताकडे एकट्याने मूल घेऊन निघालेल्याला दोन प्रश्न जास्त विचारले जाऊ शकतात. आईचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर असेल तर बाळाचा पूर्ण जन्मदाखला हाच नात्याचा पुरावा.

नाव एकदाच, पण विचार करून

अडतं ते बहुधा नावापाशी. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. परदेशी रुग्णालयाच्या अर्जात ते कधी मधल्या नावात जातं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. मग जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि ई-व्हिसावर तिसरं. ज्ञानदाचं स्पेलिंग आई डी-एन-वायने करते, बाबा जी-वायने. अथर्वच्या शेवटी ए लावायचा की नाही ह्यावर दोन मतं असतात. हा वाद रुग्णालयात जायच्या आधी मिटवावा, ठरलेलं स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पिशवीत टाकावा आणि नोंदणी करणाऱ्याला तोंडी सांगण्याऐवजी तो कागदच दाखवावा. दाखला हातात आल्यावर टेबल सोडण्याआधी एक-एक अक्षर वाचावं. तिथल्या तिथे चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, नंतर लागतात महिने, आणि तोवर पासपोर्टचा अर्जही करता येत नाही.